जोडकार्ड

मशीनने कार्ड तिसऱ्यांदा परत दिलं तेव्हा औषधवाल्याने ते शर्टाच्या बाहीला पुसलं आणि पुन्हा आत सरकवलं. कार्डावर धूळ नव्हती. पण समोरच्या बाईसाठी काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं होतं. “बंद दाखवतंय,” तो म्हणाला. “सोमवारी चाललं होतं की,” बाई म्हणाली. “सोमवारी चाललं असेल. बाळाचा नंबर सांगा, तो घालून बघतो.” बाई गप्प राहिली. तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने आवाज चढवला, “बाळाचा नंबर हो, बाळाचा!” “बाळ नाही,” ती म्हणाली, छत्री आणली नाही म्हणावं तशा सुरात. मग औषधवाल्याने कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. रांगेत तिच्या मागे पूर्णाबाई उभी होती, हातात गुडघ्याच्या मलमाची नळी. इतका वेळ तिला फक्त ऑफिसला उशीर होतोय एवढंच कळत होतं. बाई वळली आणि पूर्णाबाईला तिच्या फिक्या निळ्या ड्रेसवर, छातीशी, ओले डाग दिसले. दोन. वाटीएवढे गोल. बाईला ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून आता त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. ती गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून, कडेला कड बरोबर जुळवून, पिशवीत ठेवून निघून गेली. तिच्यानंतरच्या मुलीने कुठल्याशा कंपनीचं हिरवं कार्ड टेकवलं, मशीन आनंदाने किणकिणलं. कंपनीच्या कार्डाला बाळ लागत नाही. पूर्णाबाईच्या स्वतःच्या, कर्मचाऱ्यांच्या कार्डालाही लागत नाही. “कसल्या गोळ्या होत्या?” पूर्णाबाईने मलमाची नळी पुढे करत विचारलं. “प्रेशरच्या. बाळंतपणात चढलेलं उतरलं नाही म्हणे अजून. कागदावर लिहिलंय एकही दिवस चुकवू नये.” मशीनने ओकलेला कागदाचा कपटा त्याने टोपलीत टाकला, पण त्याआधी पूर्णाबाईने त्यावरची खूण वाचली होती. मंगळवारची तारीख आणि बंद करणाऱ्या टेबलाची खूण. तिचंच टेबल.

ती चालत ऑफिसात गेली. रोज बसने जायची. आज बसमध्ये कुणाशेजारी बसवेल असं तिला वाटेना. मंगळवारी किती कागद आले होते? मंगळवारी सात. त्यातला कुठला हा? तिला आठवेना, आणि आठवत नाही याची तिला आजवर कधी लाज वाटली नव्हती. उलट आठवत नाही हाच तिचा लौकिक होता. सरकारी विम्याच्या त्या ऑफिसात प्रसूतीचं टेबल सव्वीस वर्षं तिच्याकडे होतं, आणि सव्वीस वर्षांत पाच वाजता त्या टेबलावर एक कागद उरलेला कुणी पाहिला नव्हता. तिच्या हातात एक लाकडी मुठीचा शिक्का असायचा, ‘प्रकरण पूर्ण’. त्यावरूनच कुणीतरी तिला पूर्णाबाई म्हणायला लागलं, आणि तिचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं. काम सरळ होतं. ज्या बायकांना नोकरीतून विमा नाही, त्यांना गरोदरपणात सरकारी कार्ड मिळतं. बाळ झालं की दवाखाना बाळाला नंबर देतो आणि आईचं कार्ड त्या नंबराला जोडलं जातं. म्हणून ते जोडकार्ड. बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत दोघांचं औषधपाणी त्यावर. आणि बाळ नसेल, तर दवाखान्यातून एक गुलाबी कागद येतो: जोडणी नाही. गुलाबी कागदाला विचार करावा लागत नाही. रकाना चारमध्ये ‘जोडणी नाही’, रकाना आठमध्ये शिक्का, त्याच दिवशी. सगळ्यात झटपट होणारं काम. कामाचा ढीग चढला असला की ती आधी गुलाबी कागद उरकून घ्यायची, हात मोकळा होण्यासाठी. हात मोकळा. पुलावर ती थांबली. खालून पाणी जात होतं की गाड्या, तिचं लक्ष नव्हतं. तिच्या छातीत, बरगड्यांच्या वर, एक जुनी कळ उठली होती. दुखणं नव्हे, भरून येणं. सत्तावन्न वर्षांच्या, केव्हाच्या सुकलेल्या अंगात ही कळ यायला काही कारण नव्हतं.

साहेब तिची वाटच पाहत होते. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, सज्जन, सतत पेपरमिंट चघळणारे, आणि तिला मनापासून घाबरणारे. “बाई, बरं झालं आलात. वरच्या मजल्यावरून आलंय. नवा नियम होतोय. बेचाळीस दिवसांऐवजी पूर्ण वर्षभर कार्ड चालू ठेवणार. बाळंतपणानंतरचे बरेचसे मृत्यू म्हणे त्या बेचाळीस दिवसांच्या पलीकडे होतात.” “चांगलं आहे,” ती म्हणाली. “चांगलंच आहे. फक्त एक किरकोळ मुद्दा काढलाय कुणीतरी. मसुद्यात ‘जोडकार्डधारक माता’ असं आहे. मग ज्यांचं मूल राहिलं नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी वेगळं कलम घालायचं का? तुमच्या टेबलाचा शेरा मागितलाय. मागच्या महिन्याची शिल्लक बघितली मी, तुमच्याकडे असं एकही प्रकरण नाही.” “शिल्लक कशी असेल? त्याच दिवशी पूर्ण होतात.” “तेच म्हणतोय. प्रमाण नगण्य, असं लिहून द्या. दोन ओळींचं काम. महिनाअखेरीला वर पाठवू.” साहेबांनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “तुमच्यासाठी काय, डाव्या हाताचा मळ.”

शेरा. वर्षभराच्या नियमात, मूल न राहिलेल्या मातांचे प्रमाण नगण्य असल्याने. खोडलं. शेरा. या टेबलावर अशी प्रकरणे शिल्लक राहत नसल्याने. हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तरी तिचा हात पुढे सरकेना. अशी प्रकरणे शिल्लक राहत नाहीत कारण. कारण मी. कारण मी ती चहाच्या आधी उरकते. खोडलं. तिने नवा कागद घेतला. तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या इमारतीत वाळत घातलेली चादर दिसली, वाऱ्याने फुगलेली. तेव्हाही चादरच होती. मोठ्या जाऊबाईंनी जुनी चादर उभी फाडून तिचा हातभर रुंद पट्टा केला होता. “श्वास सोड,” त्या म्हणाल्या होत्या, आणि तिने सोडला तशी गुडघा पाठीला लावून पट्टा आवळला होता. “दोन दिवस कळ काढ. बांधलं की आटतं. पिणारं कुणी नाही हे अंगाला सांगावं लागतं, त्याला आपणहून कळत नाही.” जाऊबाई वाईट नव्हत्या. बांधताना त्यांच्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं, तिच्या उघड्या पाठीवर. पण अंगाला सांगितलं तरी कळलं नाही. पट्ट्याखाली गाठी झाल्या, ताप चढला, चार दिवस ती दूधवाल्याची हाक ऐकली तरी थरथरायची. डॉक्टरांकडे कुणी नेलं नाही, कारण डॉक्टर बाळंतपणाचे असतात आणि बाळंतपण तर संपलं होतं. बाराव्या दिवशी ती उठून कामाला गेली होती, तेव्हाच्या त्या टायपिंगच्या नोकरीवर; आणि ऑफिसातल्या मुलींनी तिला काही विचारू नये म्हणून तिने दारातूनच, “कालचा गठ्ठा कुणाकडे आहे?” असं मोठ्याने विचारलं होतं. एकतीस वर्षं झाली. नंतर मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. एकतीस वर्षांत या गोष्टीबद्दल घरात कुणी ब्र काढला नव्हता. तिनेही नाही. तिने नोकरी बदलली, शिक्का हातात घेतला, आणि, हे तिला आता, या टेबलाशी, पहिल्यांदाच दिसलं, गुलाबी कागद सगळ्यात आधी उरकण्याची सवय तिने पहिल्याच आठवड्यात लावून घेतली होती. कामाच्या सोयीसाठी. कामाच्या सोयीसाठी म्हणे.

दुपारी जेवणाची सुट्टी झाल्यावर ती डबा न उघडता तळमजल्यावर गेली. जावकवाला पोत्यांच्या राशीत बसून दात कोरत होता. पूर्ण झालेली प्रकरणं आठवडाभर त्याच्या पोत्यात राहत, शुक्रवारी गाडी येऊन ती अभिलेखात नेई. अभिलेखात गेलेलं परत येत नसे. “पूर्णाबाई? तुम्ही आणि पायऱ्या उतरून? काय भूकंप झाला?” “मंगळवारचं एक प्रकरण परत हवंय.” जावकवाल्याने दात कोरणं थांबवलं. “परत?” “परत.” “तुमचं?” “माझंच. माझ्या टेबलाचं.” “थांबा, मला भिंतीला टेकू द्या. अहो, तीस वर्षांत लोकांनी माझ्याकडून काय काय परत मागितलंय. चुकून पोत्यात गेलेला चष्मा. एकाने स्वतःचा राजीनामा. पण पूर्णाबाईंचं पूर्ण झालेलं प्रकरण? हे ऐकायला आमचे मोठे साहेब हवे होते, सुखाने गेले असते.” “गुलाबी कागद आहे,” ती म्हणाली. “मला त्यात एक शंका आहे.” ‘शंका’ हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला आणि मग तिला ऐकू आला. जावकवाला मात्र लगेच गंभीर झाला, कारण शंका ही त्या ऑफिसातली एकमेव पवित्र गोष्ट होती. त्याने पोतं उपडं केलं. सातात गुलाबी चार निघाले. चार! एका दिवसात चार.  “कुठला हवाय?” त्याने विचारलं. एकावर व्यवसाय होता: छापखान्यात पुस्तकबांधणी. तिला त्या बाईची चिठ्ठी आठवली, कडेला कड जुळवून घातलेली घडी. हाच. पण मग बाकीचे तीन? एक भाजी विकणारी, एक घरकामाची, एक नुसतीच ‘गृहिणी, वय एकोणीस’. “चारही द्या,” ती म्हणाली.

रकाना नऊ, शंकेचा. तो तिने वर्षानुवर्षं कोरा सोडला होता. इतर टेबलांवर मात्र त्याचा सुकाळ होता. ज्याला काम पुढे ढकलायचं तो रकाना नऊमध्ये काहीतरी खुसपट काढी: सही जुळत नाही, पत्ता अपुरा, जन्मतारखेचा दाखला स्पष्ट दिसत नाही. लोक हेलपाटे घालून मेटाकुटीला येत. पूर्णाबाईला या प्रकाराची शिसारी होती. शंका काढणारा माणूस कामचुकार, असं तिचं साधं गणित. पण नियमाला दुसरी बाजू होती, आणि ती तिने नव्या लोकांना स्वतः शिकवली होती: शंका उपस्थित असलेलं प्रकरण बंद करता येत नाही. उत्तर येऊन ते पुरेसं वाटेपर्यंत कार्ड चालू ठेवावं लागतं. पुरेसं वाटेपर्यंत, कुणाला? टेबलाला. तिने पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. काय शंका लिहायची? सही जुळत होती. पत्ता पूर्ण होता. या कागदात खरोखरच काय कळत नव्हतं? ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसली आणि तिच्या लक्षात आलं की आठ रकाने भरले होते आणि त्यात त्या बाईविषयी काहीच नव्हतं. मग तिने तिच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं: ‘आपण सध्या कशा आहात, हे तीस दिवसांच्या आत प्रत्यक्ष येऊन कळवावे. तोवर कार्ड चालू राहील.’ चारही कागदांवर हेच. शिक्का खोडला. कागद मागे फिरवायला तिला स्वतःची सही चार वेळा करावी लागली, आणि चौथ्या सहीला तिला स्वतःचं नाव जरा परकं वाटलं, लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं.

पाच वाजता टेबलावर चार कागद उरले.

मग दिवस विचित्र झाले. शंकेचं पत्र चौघींना गेलं खरं, पण पोहोचलं का? पोहोचलं तरी ती बाई शेवटची ओळ वाचेल, की सरकारी पाकीट पाहून बाजूला ठेवून देईल? तोवर गोळ्या? एकही दिवस चुकवू नये. रोज सकाळी पूर्णाबाई औषधाच्या दुकानाशी थांबायची, आत जायला धीर व्हायचा नाही, काहीतरी घ्यायला हवं म्हणून कापूस घ्यायची, कधी खोकल्याच्या गोळ्या. घरात कापसाचा ढीग झाला. “कुणाला बांधायचंय?” नवऱ्याने विचारलं. पाचव्या दिवशी औषधवाला आपणहून म्हणाला, “मावशी, तुम्हाला गुडघ्याचा त्रास आहे की कानाचा? रोज कापूस!” तेव्हा तिने विचारलं. “ती होय? काल आली होती की. चाललं कार्ड. मशीनने पहिल्या झटक्यात घेतलं, पण तिचा विश्वास बसेना, दोनदा म्हणाली, पुन्हा घालून बघा. महिन्याच्या गोळ्या दिल्या.” पूर्णाबाई दुकानाच्या पायरीवर बसली. गुडघा, ती म्हणाली, गुडघा. त्या दिवशी आणि पुढच्या प्रत्येक दिवशी आलेल्या प्रत्येक गुलाबी कागदाविषयी तिला शंका येत गेली. एकच शंका, तेच शब्द. लिहिताना हात कंटाळेल असं वाटलं होतं, कंटाळला नाही. कधी दोन यायचे, कधी पाच. तिच्या टेबलाच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षं फक्त पाण्याचा पेला असायचा, तिथे गुलाबी थर चढत गेला. सहकारी येता-जाता बघत. कुणीतरी म्हणालं, “पूर्णाबाई थकल्या.” कुणीतरी म्हणालं, “निवृत्तीला पाच महिने राहिले की माणसाचं असंच होतं.” आणि बायका यायला लागल्या. सगळ्या नाहीत. भाजीवाली आली, ती आधी भांडायलाच: “कशी आहे म्हणजे? बरी आहे म्हटलं तर कार्ड काढून घ्याल, आजारी आहे म्हटलं तर दाखला मागाल. मी ओळखते तुमची भाषा.” आणि मग, खुर्ची दिल्यावर, पाऊण तास बोलली. एकोणीस वर्षांची मुलगी सासूबरोबर आली. सासूच बोलत होती. मुलगी टेबलावरच्या टाचण्या एकीमागे एक ओळीत लावत होती. “तिला विचारलंय,” पूर्णाबाई सासूला म्हणाली. मुलीने टाचण्यांवरून नजर न काढता सांगितलं, “मला झोपेत रडणं ऐकू येतं.” “कुणाचं?” “माझंच असेल.” पूर्णाबाईने तिला कार्डावर दाखवता येईल अशा मनाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. सासूने तो घेतला, पदराला गाठ मारून नीट बांधला.

एका संध्याकाळी, उन्हं अजून गच्चीच्या कठड्यावर असताना, ती नवऱ्याबरोबर चहा घेत बसली होती. नवरा चित्रकलेचा मास्तर, निवृत्त. रोज समोरच्या पाण्याच्या टाकीचं चित्र काढायचा आणि रोज ते त्याला पसंत पडायचं नाही. “अहो,” ती म्हणाली. “हं.” “तेव्हा तुम्ही तिला कुठे नेलंत?” तिने कुणाला ते सांगितलं नाही. पेन्सिल टाकीच्या शिडीवर थांबली. तिला वाटलं, तो नेहमीसारखा साखर कमी आहे वगैरे म्हणेल. “नदीपलीकडे,” तो म्हणाला. “भाऊ होता बरोबर. दोन झाडं होती, त्यांच्या मध्ये. नंतर तिथे रस्ता झाला.” त्याने शिडीची एक पायरी खोडली. “मी जायचो. रस्ता होईपर्यंत. शाळा सुटल्यावर.” “मला सांगितलं नाहीत ते?” “तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला नको असेल. कामाला लागलीस, हसायला-बोलायला लागलीस. मी कशाला उकरून काढू?” “आणि मला वाटलं तुम्हाला नको आहे.” “मला?” तो हसला, पण ते हसणं नीट वठलं नाही. “एकतीस वर्षं मी वाट बघतोय गं, कुणीतरी विचारेल म्हणून. माझ्या आईनेही विचारलं नाही. बापाला कोण विचारतं?” पूर्णाबाईला ती दाखवलीच नव्हती. त्याने पाहिलं होतं. तिने विचारलं आणि त्याने सांगितलं: कान. कान तुझ्यासारखे होते, डोक्याला चिकटलेले. कपाळ रुंद, ते आमच्याकडचं. नखं लांब. “लांब?” “चांगली लांब. कापायला आलेली.” चहावर साय धरली होती. तिने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, कारण ती मोडेल असं दिसत होतं, आणि हात तसाच धरून ठेवला. दोघं टाकीकडे बघत बसली. टाकी नेहमीसारखीच होती.

महिनाअखेरीला शिल्लक प्रकरणांचा तक्ता वर जातो. पूर्ण झालेल्यांना त्यात जागा नसते. साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले, तक्ता हातात, तोंडात पेपरमिंट नाही. “बाई, हे टायपिंगमध्ये चुकलंय का? तुमच्या टेबलाला शिल्लक एकसष्ट?” “नाही साहेब. बरोबर आहे.” “एकसष्ट! या ऑफिसात सगळ्यांत जास्त. अहो, तुमचं उदाहरण मी सभेत देतो!” “शंका आहेत.” “एकसष्ट शंका?” त्यांनी वरचा गुलाबी कागद उचलला. रकाना नऊ वाचला. दुसरा वाचला. तिसरा. मग ते खुर्ची ओढून बसले, जी आता कायम तिथेच असायची. “ही शंका होते का, बाई? आपण कशा आहात?” “मला आहे, साहेब.” “तपासणीला लोक आले तर? तुमच्या निवृत्तीच्या कागदांवर शेरा येईल. सव्वीस वर्षं कोरी पाटी ठेवलीत, आणि आता पाच महिन्यांसाठी...” “येऊ दे.” ते कागदांच्या कडा अंगठ्याने फरफर सोडत राहिले. बाहेर जावकवाला पोतं ओढत चालला होता, त्याचा घासल्याचा आवाज येत होता. “आणि तुमचा शेरा आला नाही म्हणून मीच लिहिणार होतो नगण्य,” साहेब म्हणाले, तिला नव्हे. “आता कसं लिहू? दोन्ही कागद एकाच टेबलावर जातात वर. एकात एकसष्ट, एकात नगण्य.” “आकडा लिहा,” ती म्हणाली. “आकडा लिहा, आणि लिहा की यांतल्या नऊजणींचं प्रेशर अजून चढलेलं आहे, तिघींना ताप आहे, एकीला कमी दिसायला लागलंय, दोघी बोलत नाहीत. हे त्यांनी येऊन सांगितलंय. आणि चोवीसजणी आलेल्याच नाहीत, त्यांच्याबद्दल काही ठाऊक नाही, हेही लिहा. मूल नसलं तरी बाळंतीण असते, साहेब. अंगाला नाही कळत.” हे शेवटचं तिने म्हणायचं ठरवलं नव्हतं. साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, आणि ते सज्जन असल्यामुळे त्यांनी विचारलं नाही. मग दारापर्यंत जाऊन परत आले आणि विचारलं. “तुमचं... तुम्हाला कधी...?” “हो,” ती म्हणाली. “पहिली मुलगी होती.”  त्यांनी खिशातून पेपरमिंटची पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने एक घेतली. त्या दुपारी शेरा वर गेला: वेगळे कलम आवश्यक. आकडा सोबत. वरच्या मजल्यावर त्याचं काय होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मसुदा म्हणजे महिने, कधी वर्षंही. तोवर खाली, तिच्या टेबलाच्या कडेला, एकसष्ट कार्डं चालू होती.

बांधणीवाली आली ती मुदत संपायच्या आदल्या दिवशी. पूर्णाबाईने तिला ओळखलं. तिने पूर्णाबाईला ओळखलं नाही. बोटांच्या पेरांवर वाळलेला डिंक होता. “कामाला लागलात?” “घरी बसून भिंती अंगावर येतात. छापील कागदांचे फर्मे दुमडत बसलं की बरं वाटतं. प्रेशर आता पुष्कळ खाली आलंय, गोळी एकावर आणलीय डॉक्टरांनी. डोकं दुखायचं, ते थांबलं. डोळ्यांपुढे ठिपके यायचे, ते कधीतरी येतात.” ती शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तशी बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. बोलता बोलता तिच्या हातांनी टेबलावरचा गुलाबी गठ्ठा घेतला, चारही बाजूंनी ठोकून सारखा केला आणि जागेवर ठेवला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. “दूध?” पूर्णाबाईने विचारलं. बांधणीवाली चपापली. “आटलं. आपोआप. गेल्या आठवड्यात.” आणि जरा थांबून, “आटलं तेव्हाच जास्त वाईट वाटलं. तोवर काहीतरी चालू होतं.” पूर्णाबाई लिहून घेत होती. प्रेशर उतरले. डोकेदुखी नाही. ठिपके क्वचित. दूध आटले. अक्षर नेहमीसारखं गोल येत होतं, फक्त ओळ किंचित वर चढत होती. “घरी कोण असतं?” “नवरा. तो रात्रपाळीला. दिवसा तो झोपतो, मी कामावर. आमची चिठ्ठीवरच भेट.” ती थोडं हसली. “चिठ्ठीत काय लिहितो?” “भात झाकून ठेवलाय. नळ गळतोय. असंच.” मग तिने पिशवी मांडीवर घेतली, निघण्याच्या बेताने. “झालं ना? मी सगळं सांगितलं. आता तुम्ही हे बंद करणार.” तिने ते विचारलं नाही, सांगितलं, बंद होण्याची तिला सवय होती. “उत्तर पुरेसं असलं तर बंद करावं लागतं,” पूर्णाबाई म्हणाली. पेन कागदावर टेकलेलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. “बाळाचं नाव काय ठरवलं होतंत?” बांधणीवालीने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, गुंडाळले. कुणी विचारलं नव्हतं. दवाखान्यात नाही, घरी नाही, चिठ्ठीतही नाही. तिने नाव सांगितलं, इतक्या हळू की पूर्णाबाईला पुढे वाकावं लागलं. मग एकदा मोठ्याने सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली आणि खाली घातली. पूर्णाबाईने ते नाव रकाना नऊमध्ये लिहिलं, एकेक अक्षर सुटं, वाचता येईल असं, आणि कागद फिरवून तिला दाखवला. “असंच ना? वेलांटी बरोबर आहे?” “बरोबर आहे.” बांधणीवाली त्या अक्षरांवर बोट न टेकवता बोट फिरवत राहिली. मग तिने डोळे पुसले, डिंकाच्या बोटांनी, आणि नाकाने मोठा श्वास घेतला. पूर्णाबाईने कागद परत आपल्याकडे वळवला, नावाखाली एक रेघ सोडली आणि तिच्यादेखत लिहिलं:

उत्तर अपुरे. पंधरा दिवसांनी पुन्हा यावे.